बानाबाईच्या वतीनं

छावणीच्या बाजारात गोकुळमामा शिरसाठांचं कुकर आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान एवढं ऐसपैस, की मामा आत बसले की ते भरतं आणि गिऱ्हाईक आलं की ओसंडतं. ख्रिस्ती माणसाचं नाव गोकुळ कसं, असं नवं गिऱ्हाईक विचारतंच. तर मामा जन्मले गोकुळाष्टमीला. सुईण भाविक होती आणि आई दमलेली होती, त्यामुळे सुईणीच्या तोंडून जे निघालं ते चिकटलं. पुढं बाप्तिस्म्याला तेव्हाच्या पाळकसाहेबांनी ‘गब्रिएल’ असं भारदस्त नाव ठेवलं खरं, पण त्या नावानं मामांना नंतर कुणी हाक मारली नाही. मारली असती तरी मामांनी ओ दिली नसती.

मामांची खरी ख्याती कुकरमधली नव्हे, प्रार्थनेतली. दयासागर चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत ‘जगासाठी प्रार्थना’ असा एक भाग असतो. तो मामांकडे कधी आला ते कुणालाच आठवत नाही, आणि तो त्यांच्याकडून परत कसा काढून घ्यावा हेही कुणाला सुचलं नव्हतं. आठवडाभर मामा टीव्हीवरच्या बातम्या ऐकायचे आणि रविवारी डोळे मिटून निघायचे. कोलंबोला निघालेली प्रार्थना पेशावरला थांबायची, पॅरिसला वळसा घालायची आणि आफ्रिकेत शिरली की लवकर बाहेर पडायची नाही. जिथं कुठं बॉम्ब फुटला, गोळी सुटली, प्रार्थनेला बसलेली माणसं मेली, मग ती मशिदीतली असोत, देवळातली असोत नाहीतर चर्चमधली, तिथं मामांची गाडी थांबणारच. इकडं बायकांनी घरी मटण शिजत ठेवलेलं असायचं, आणि मामांनीच दुरुस्त केलेले कुकर रिकाम्या घरात शिट्ट्या मारत बसायचे.

पण शेवट ऐकण्यासारखा असे. मामांचा आवाज खाली यायचा.

“देवबापा, ज्यानं ह्यो बॉम्ब लावला, त्यालाबी आई असंल. तिच्या आतड्याला पीळ पडला असंल. त्याला माफ कर. आमीबी त्याला माफ केलं.”

इथं सगळं चर्च एका दमात ‘आमेन’ म्हणायचं. म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या. एकदा पाहुणे आलेल्या बिशपसाहेबांनी मामांच्या पाठीवर हात ठेवून “हा खरा क्षमेचा माणूस,” असं म्हटलं, तेव्हापासून मामा चालताना जरा ताठ चालू लागले.

त्यांची बायको सुलेखामामी मात्र म्हणायची, “भाजीत मीठ कमी पडलं तर तीन दिवस तोंड फुगवून बसतेत, आन् चर्चात जाऊन आख्ख्या जगाला माफ करतेत!”

मामांची थोरली बहीण बानाबाई गंगापूरकडं खडकवस्तीवर राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून चार शेळ्या आणि कापूस वेचणीची मजुरी यांवर तिचं चालतं. दर गुरुवारी दुपारी तिच्या अंगणात लिंबाखाली प्रार्थना असते. वस्तीवरच्या पाच-सात बाया, एक ढोलकी, एक बाजाची पेटी, आणि अधूनमधून शहरातून कुणीतरी बायबलातलं वचन सांगायला. त्या गुरुवारी वचन सांगायला गेले होते विश्वजीत सर.

हे विश्वजीत सर म्हणजे चर्च कमिटीचे सेक्रेटरी. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज, शाळेत शिक्षक. पण मुळात ते खडकवस्तीचेच. आईबाप लवकर गेलेले. शाळेत होते तेव्हा दुपारची भाकरी ते बानाबाईच्या चुलीपुढं बसून खायचे, आणि बानाबाई त्यांना दोन घास जास्तच वाढायची. पुढं मामांनीच त्यांना छावणीत आणलं, बोर्डिंगात घातलं, चर्चमध्ये बाकावर स्वतःच्या शेजारी बसवलं. मामांना पोरबाळ नव्हतं. सर कमिटीत निवडून आले तेव्हा मामांनी बाजारात पेढे वाटले होते, आणि तेही गिऱ्हाइकाच्या कुकरच्या झाकणात.

त्या गुरुवारी दुपारी सर मोटारसायकलवर धापा टाकत दुकानी आले. त्यांच्या शर्टाची इस्त्री मात्र जागच्या जागी होती.

“मामा, घात झाला. वस्तीवर पोरं आली, काठ्या घेऊन. ‘धर्म बाटवता का,’ म्हणाली. पेटी फोडली, ढोलकी फाडली. गडबडीत बानाआक्का पडल्या, हात मोडलाय. मी मदत आणायला म्हणून सुसाट निघालो.”

मामांनी पाना टाकून दुकानाचं दार ओढलं. वस्तीवरच्या बायांनी बानाबाईला जीपमध्ये घालून शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात आणलंच होतं. सुलेखामामी तिकडं धावली. मामाही तिकडंच निघाले होते, पण सर म्हणाले, “मामा, आधी गंगापूरच्या ठाण्यात चला. पाळकसाहेब तिथं पोचलेत. तुमच्याशिवाय कोण बोलणार?”

ठाण्यात पोलिसांनी वाटेत धरलेली चार पोरं बाकावर बसवलेली होती. ओठांवर नुकती मिसरूड फुटलेली, खाली माना घातलेली. जमादारसाहेबांनी पेन उघडून ठेवलं होतं. “बाईच्या वतीनं कोण बोलतंय? तक्रार द्या, मी लिहून घेतो.”

पाळकसाहेब रेव्हरंड सत्यम तरुण होते. माणूस चांगला, पण भांडणाचा आवाज चढला की त्यांचा स्वतःचा आवाज बसायचा. ते हळूच म्हणाले, “मामा, तुम्ही सांगाल तसं.”

विश्वजीत सर मामांच्या कानाशी लागले. “पोरांची आयुष्यं बरबाद होतील, मामा. आणि तुम्ही तर क्षमेचा माणूस.”

मामांनी पोरांकडं पाहिलं. त्यांतलं एक रडत होतं. मामांचे डोळे आपोआप मिटले. इतक्या रविवारांची सवय होती ती. पाण्याला उतार दिसावा तसे शब्द निघाले.

“यांनाबी आया असतील. माफ केलं.”

जमादारसाहेबांनी एकदा मामांकडं पाहिलं, एकदा पेनाकडं, आणि पेनाला टोपण लावलं. पोरं सुटली. बाहेर आल्यावर पाळकसाहेबांनी मामांचे दोन्ही हात धरले. मामांना वाटलं, आज आपण आयुष्यभर बोललो ते करून दाखवलं. त्याच ताठ चालीनं ते घाटीत गेले.

बानाबाईचा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. मामांनी खाटेजवळ जाऊन सगळं सांगितलं आणि शाबासकीची वाट पाहत उभे राहिले.

बानाबाईनं तोंड भिंतीकडं केलं.

पुढचे तीन दिवस बानाबाई मामांच्या घरी होती आणि मामांशी एक अक्षर बोलली नाही. बोलायचं ते सुलेखामामीच्या मार्फत. मामा समोर बसलेले असायचे आणि ती म्हणायची, “सुलेखा, तुझ्या नवऱ्याला सांग, जरा सरक म्हणावं, उजेड आडवतोय.” मामा सरकायचे. “सुलेखा, त्याला सांग, लई सरकलास म्हणावं.”

रविवारी मामा चर्चला गेले. सूचना सांगायला विश्वजीत सर उभे राहिले. “आपल्या भगिनी बानाबाई पडल्यामुळे त्यांच्या हाताला दुखापत झाली आहे. त्यांना प्रार्थनेत आठवूया.” एवढंच. मग ते मामांकडं वळून हसले. “आता गोकुळमामा जगासाठी प्रार्थना करतील.”

मामा उभे राहिले. त्यांना वाटलं, सर घाईत विसरले असतील, आपण सांगू. तेवढ्यात सरांनी पुढं वाकून कुजबुज केली, “मामा, वस्तीचं नाव नको. विषय वाढतो. तुम्ही आपलं नेहमीचं करा.”

मामांनी नेहमीचं केलं. आफ्रिकेपर्यंत गेले. पण त्या दिवशी शेवट काही जमला नाही.

घरी येऊन त्यांनी ताटावर बसता बसता सुलेखामामीला सूचनेची हकिकत सांगितली. बानाबाई डाव्या हातानं भाकरी मोडत होती. ती थांबली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं मामांकडं सरळ पाहिलं.

“पडले म्हणाला?”

“व्हय आक्का. घाईत असंल.”

“आन् त्यानं तुला काय सांगितलं? मदत आणाया गेला म्हणून?”

“व्हय.”

बानाबाईनं घास ताटात ठेवला. “ऐक मग. पोरं आली. मोठ्यानं इचारलं, ‘कुणी बोलावलं ह्या माणसाला? कोण हाय ह्यो?’ म्या गप. बाया गप. तुझ्या सरानं माझ्याकडं बोट केलं. म्हणाला, ‘या बाईला इचारा, सगळं हिचं हाय. मी तर पत्ता इचाराया थांबलो, मी ह्यांना वळखत नाय.’ मला वळखत नाय! माझ्या चुलीची भाकरी त्याच्या हाडात हाय, गोकुळ्या. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं, पण तो बिचारा पायी होता. ह्यानं एकदाच नाकारलं आन् गाडीला किक मारली. तवाच, त्याच्या डोळ्यांदेखत, त्या पोरानं काठी घातली, ती ह्या हातावर. म्या पडले नाय. उभी होते.”

सुलेखामामीनं मामांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. 

“आन् तू,” बानाबाई म्हणाली, “तू ठाण्यात माफ करून मोकळा झाला. माझा हात घाटीत कुणी डॉक्टर खेचत होता तवा तू तिकडं माफ करीत होता. कोण रं तू माझ्या वतीनं माफी देणारा? कोलंबोची माणसं लांब हायेत, त्यांना कळत नाय तू त्यांच्या वतीनं काय काय देऊन बसलास. मला तर कळतंय ना?”

मामांनी ताट सरकवलं. ते हात धुऊन उठले आणि तडक विश्वजीत सरांच्या घरी गेले.

सर झोपाळ्यावर बसले होते. मामांनी बसायच्या आधीच विचारलं, “तू आक्काला वळखत नाय म्हणालास?”

सरांनी पायानं झोपाळा थांबवला. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, “मामा, त्या वेळी काय बोललो ते माझं मलाच आठवत नाही. जीव घाबरला. तुम्ही तिथं असता तर?”

“घाबरला तर घाबरला. माणूस घाबरतो. पण मग इथं येऊन खरं कामून नाय सांगितलं? चर्चात ‘पडली’ कामून म्हणालास?”

“शाळेत माझी नोकरी आहे. चर्चचं नाव पेपरात आलं तर उद्या इथंही दगड येतील. कमिटीचं असंच ठरलंय, पाळकसाहेबांनाही माहीत आहे. एका बाईच्या हातासाठी...” सर थांबले. वाक्य कुठं चाललंय ते त्यांनाही कळलं असावं. “आणि तुम्हीच तर माफ केलंत की! सगळ्यांच्या देखत. आता विषय काढून काय उपयोग?”

मामा परत येताना छावणीच्या रस्त्यानं नेहमीपेक्षा हळू चालले. त्यांना एक गोष्ट उमगत नव्हती. ज्यानं काठी मारली त्या पोराचा चेहरा डोळ्यांपुढं आणला की राग येत नव्हता, कीव यायची. पण ज्याच्यासाठी पेढे वाटले त्याचा चेहरा आला की मुठी वळत होत्या. वैऱ्यावर प्रीती करा, असं शास्त्रात आहे, आणि मामांना ते बऱ्यापैकी जमत आलं होतं. घरच्या माणसाचं काय करायचं, ते पान त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. आणि कमिटीचं ठरलं होतं म्हणजे ज्यांच्या ‘आमेन’वर मामा इतकी वर्षं तरंगत होते, त्यातल्या निम्म्या माणसांना सगळं ठाऊक होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दयासागर चर्चमध्ये प्रभूभोजन असतं आणि आदल्या संध्याकाळी तयारीची सभा. रिवाज जुना आहे. कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर त्यानं सभेत उभं राहून बोलायचं, समोरच्यानं ऐकायचं, दोघांनी एकमेकांना उजवा हात द्यायचा, आणि मगच दुसऱ्या दिवशी भाकर आणि प्याला घ्यायचा. ज्यांचं मिटलं नाही त्यांनी बाकावर बसून राहायचं. एरवी या सभेत दोन जावा करंज्यांच्या पिठावरून रुसलेल्या असतात नाहीतर कुणाची कोंबडी कुणाच्या मेथीत शिरलेली असते, आणि सभा लवकर आटपून लोक चहाला जातात.

या वेळी बानाबाई आली होती. पहिल्या बाकावर, प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून, दुरुस्तीला आणलेल्या कुकरसारखा.

विश्वजीत सर हुशार माणूस. कुणी काही बोलायच्या आत तेच उठले, बानाबाईपुढं आले आणि गोड आवाजात म्हणाले, “आक्का, काही गैरसमज झाला असेल तर तो आज इथंच संपवू. मी हात पुढं करतोय.” आणि त्यांनी उजवा हात पुढं केला.

बानाबाईनं त्या हाताकडं पाहिलं, मग स्वतःच्या प्लॅस्टरकडं.

“हात दिला असता रं बाबा,” ती म्हणाली. “पण माझा पडून मोडलाय म्हणं.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. सरांचा हात हवेत तसाच राहिला. पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले, “आपण प्रार्थनेनं समारोप करू. गोकुळमामा?”

मामा उठले. सवयीनं डोळे मिटले, मग उघडले. उघड्या डोळ्यांनी मामा बोलतायत, हे त्या चर्चनं पहिल्यांदाच पाहिलं.

“म्या ठाण्यात म्हणालो, माफ केलं. ती माफी माझी नव्हती. माझा हात नव्हता मोडला. मी ती वापस घेतो.”

“मामा,” पाळकसाहेब कळवळून म्हणाले, “क्षमा परत घेता येत नाही.”

“साहेब, शेजाऱ्याची शेळी म्या कुणाला देऊन टाकली, तर ती आणून द्यावी लागंल का नाय?”

पाळकसाहेबांना शेळीवर शास्त्रातलं वचन आठवेना. मामा पुढं बोलले. त्यांना प्रार्थनेत लागायचे तसे वळसे त्या दिवशी लागले नाहीत. कोण आलं, काय विचारलं, कुणी बोट दाखवलं, कुणाला काठी बसली, कोण गाडीवर बसून गेलं, सगळं सरळ सांगितलं. वस्तीचं नाव घेतलं. शेवटी म्हणाले, “आक्का पडली नाय. उभी होती. ज्यांना हे ठाऊक हाय त्यांनी उभं राहा.”

कुणीही उभं राहिलं नाही. कुणी पंख्याकडं पाहत होतं, कुणी चपला शोधत होतं. बिशपसाहेब आले तेव्हा मामांच्या शेजारी बसून फोटो काढून घेणारे एक गृहस्थ भजनाच्या पुस्तकात नाक खुपसून बसले होते, आणि पुस्तक उलटं होतं. विश्वजीत सर शांतपणे म्हणाले, “मामा फार थकलेत. उद्या जगासाठी प्रार्थना मी करीन.” आणि कुणीतरी निव्वळ सवयीनं म्हणालं, “आमेन.”

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रार्थना केली. जगातल्या सर्व दहशतग्रस्तांसाठी, सर्व पीडितांसाठी, सर्वत्र शांती नांदो. कुठल्या गावाचं नाव नाही, कुणाची आई नाही. गुळगुळीत आणि आटोपशीर. बायका एकमेकींकडं पाहून समाधानानं माना हलवत होत्या.

“तुझ्यापरीस बरं करतंय,” बानाबाई मामांच्या कानात म्हणाली. “लवकर तरी सोडतंय.”

मग भाकर आली. बाकामागून बाक रिकामे होत लोक पुढं गेले. विश्वजीत सरही गेले, गुडघे टेकले, हात जोडले. सुलेखामामी दोघांकडं पाहत क्षणभर घुटमळली आणि पुढं गेली. बाकावर राहिले भाऊ आणि बहीण. इतक्या वर्षांत मामा बसून राहिले, असं पहिल्यांदाच घडत होतं. पुढं गेलेली माणसं परत येताना त्यांच्या बाकाजवळ नजर खाली घालून पटपट चालत होती.

“तू कुणापायी बसलास?” बानाबाईनं विचारलं.

“विश्वजीतपायी. मला नाय जमत, आक्का. लई केलं, नाय जमत.”

“आन् ती पोरं?”

“त्यांच्यावर राग येत नाय.”

“मलाबी नाय येत फारसा. येडी हायेत. कुणीतरी भरीला घातलेली.” तिनं प्लॅस्टरचा हात मांडीवर नीट केला. “म्या तुझ्यापायी बसले.”

मामांनी मान खाली घातली. पुढं प्याला फिरत होता आणि पेटीवर भजनाचा सूर लागला होता. मामांनी घसा साफ केला. आख्ख्या जगाच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाला एवढंसं वाक्य बाहेर काढायला वेळ लागला.

“आक्का, मला माफ करशील का?”

बानाबाई त्यांच्याकडं वळली.

“आता इचारलंस,” ती म्हणाली. “कुणी इचारलंच नव्हतं मला. ना तू, ना त्यानं, ना पाळकसाहेबानं.”

“मग?”

“मग काय मग! उद्या सकाळी गंगापूरच्या जीपला चल माझ्यासंगं. ठाण्यात जायचंय. त्या जमादाराचं पेन अजून वाळलं नसंल. तक्रार देयाची का पोरांना सोडायचं, ते म्या तिथं बसून ठरवीन, त्यांची थोबाडं बघून. तुझं बी तवाच ठरवीन. तू नुसता संगं ये. आन् गोकुळ्या...”

“हां?”

“तिथं तोंड उघडू नको.”